ड्राइव्हवेचं डांबरीकरण: कंत्राटदाराचे तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आमच्या ड्राइव्हवेने, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या गाडीच्या वाटेने, यंदा मान टाकली. घर 1987 चं, मध्य न्यू जर्सीत. गॅरेजच्या तोंडाशी डांबर आटलेल्या तळ्यासारखं तडकलंय, कडेने गवत आलंय, बर्फ काढताना फावडं पावलोपावली अडतं. तीन कंत्राटदार बोलावले. जागा तीच, 60 बाय 12 फूट. एकाने 4,800 डॉलर सांगितले, दुसऱ्याने 7,300, तिसऱ्याने 9,600. पहिला तर गाडीतून उतरलाही नाही, काचेतूनच बघून आकडा सांगितला. नवरा म्हणतो मधला घेऊन टाक. हा काय भाजीचा भाव आहे? फरक नेमका कशाचा, तेच कळेना. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा, फसला असाल तर तेही. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

शिकागोच्या उपनगरातून

फसलेल्यांचा नंबर पहिला, म्हणून मीच सुरुवात करतो. शनिवारी सकाळी दारावर ट्रक. "मागच्या गल्लीत काम संपलं, माल उरलाय, परत नेला तर गार होऊन फुकट जाईल, निम्म्या पैशांत तुमचं करून देतो." भारतातून आलेल्या सासूबाई आतूनच म्हणाल्या, "उरलेला माल दारोदार विकतात तो कसला, विचार की." विचारलं नाही. 2,000 डॉलर रोख दिले. तीन तासांत काळंभोर, चकचकीत अंगण तयार. एप्रिलमध्ये त्याच चकचकीत अंगणातून डँडेलियनचं तण वर आलं. उकरून पाहिलं तर जेमतेम इंचभर थर, तोही जुन्या फुटक्यावरच अंथरलेला. घरी येऊन केलेला असा सौदा तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो असा इथे केंद्राचा नियम आहे. पण रद्द करायला कागद लागतो, आणि समोर माणूस लागतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

कोलंबस, ओहायोहून

ताई, तुमच्या तीन आकड्यांमधला फरक जमिनीखाली आहे. माझं गाव शिरोळ तालुक्यात, उसाच्या काट्यावर नजर ठेवतच मोठा झालो, त्यामुळे मी इथेही काट्याच्या पावत्या मागितल्या. डांबराचा प्रत्येक ट्रक प्लँटवरून वजन होऊन निघतो आणि त्याची पावती ड्रायव्हरकडे असते.

हिशोब सोपा आहे. एका चौरस यार्डावर एक इंच दाबलेल्या थराला साधारण 110 पौंड माल लागतो. तुमचे 720 चौरस फूट म्हणजे 80 चौरस यार्ड. तीन इंचांना 13 टनांच्या वर (इथला टन 2,000 पौंडांचा), दोन इंचांना पावणेनऊच्या आसपास. तीन इंच कबूल करून नऊ टनांची पावती दाखवली, तर काटा कोणी मारला ते कळलंच.

दुसरी मेख "तीन इंच" या शब्दांतच आहे. सैल की दाबून? तीन इंच सैल पसरलेला माल रोलरखाली सव्वादोन-अडीच होतो. कंत्राटात "दाबल्यानंतर तीन इंच" असंच लिहून घ्या. मी बायकोच्या नेलपॉलिशने स्क्रूड्रायव्हरवर चार इंचांची खूण केली आणि पसरलेल्या मालात जागोजागी खुपसून बघत होतो. फोरमन आधी हसला, मग स्वतःच "इथे बघ, इथेही बघ" म्हणायला लागला.

पण खरं काम आदल्या दिवशी झालं. आमची माती चिकण, पाणी धरणारी. हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगतं आणि वरचं डांबर उचलतं. म्हणून जुनं सगळं उखडून आठ इंच खडी भरली, थराथराने दाबली. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक हीच खडी गाळलेली असते, आणि डांबर पडल्यावर ते कोणाला दिसत नाही.

आमचंही सगळं गोड झालं असं नाही. माल प्लँटवरून दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास निघतो, ऐंशी-पंच्याऐंशीच्या खाली गेला की रोलर नुसता फिरवायचा. आमचा दुसरा ट्रक वाहतुकीत अडकला आणि पहिल्या पट्टीची कड निवली. ती सांध्याची रेघ राहिली ती राहिलीच, चौथ्या हिवाळ्यात तिथूनच फट पडली.

ब्रॅम्प्टन, कॅनडा

नवीन डांबरावर चौथ्या दिवशी मुलाने सायकल स्टँडवर लावली. जुलैचं ऊन. संध्याकाळी स्टँड आत रुतून सायकल आडवी. ते भोक अजून आहे, त्यात पाऊस साठतो आणि चिमण्या पाणी पितात. गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्टिअरिंगही वळवू नका, चाकाचा वळ उठतो.

लंडनजवळून

आमच्याकडे याला टारमॅक म्हणतात आणि "माल उरलाय"वाले इथेही फिरतात. वेगळी गोष्ट एकच. इंग्लंडमध्ये 2008 च्या ऑक्टोबरपासून घरासमोरच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न झिरपणारं आवरण घालून ते पाणी रस्त्यावर सोडायचं असेल, तर परवानगी लागते. कंत्राटदाराने हे सांगितलं नाही, शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सांगितलं. शेवटी पाणी झिरपू देणारे ब्लॉक लावले.

मिनेसोटातून

नवं डांबर झाल्या झाल्या सीलकोट, म्हणजे वरून संरक्षक लेप, मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. निदान सहा महिने जाऊ द्या. आणि कोलटारचं (दगडी कोळशापासून काढलेल्या डांबराचं) सील नको, आमच्या राज्यात 2014 पासून त्यावर बंदी आहे.

नाशिकहून

आमच्याकडे बंगल्यासमोर डांबर कोण टाकतं, पेव्हर ब्लॉकच. पण दुखणं तेच. गवंडी म्हणाला "ढाळ देतो", आणि ढाळ दिला जिन्याकडे! पहिल्या मोठ्या पावसात चपलांचा स्टँड तरंगत होता. सगळे ब्लॉक काढून खालची कच पुन्हा ओढून घ्यावी लागली, मजुरी दोनदा. तेव्हा अंगण घरापासून कुठल्या बाजूला उतरतंय ते बादलीभर पाणी ओतून बघा, पैसे देण्याआधी.

एडिसनहून

न्यू जर्सीत कंत्राटदाराचा राज्याचा नोंदणी क्रमांक बघा, 13व्हीएच असा सुरू होतो. 500 डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे. रस्त्याला लागून असलेला तुकडा गावाच्या मालकीच्या पट्ट्यात येतो, त्याचा परवाना कोण काढणार ते आधी ठरवा. आमच्यात "तुम्ही काढाल वाटलं" झालं आणि काम दोन आठवडे लोंबकळलं.

धागाकर्ती परत

सगळ्यांचे आभार. तिघांनाही फोन करून खडी किती, डांबर दाबल्यावर किती आणि काट्याच्या पावत्या दाखवणार का, एवढंच विचारलं. 4,800 वाल्याने "मॅडम, तुम्ही इंजिनीअर आहात का" म्हणून फोन ठेवला. 7,300 वाल्याने सगळं लिहून दिलं, फक्त खडी वाढवायचे 600 जास्त सांगितले. 9,600 वाला त्याहून वेगळं काही देत नव्हता. मधलाच घेतला, नवरा दोन दिवस मिशीत हसतोय.

काल काम झालं. पावत्यांची बेरीज 13.4 टन. गॅरेजच्या दारात बादली ओतली, पाणी मुकाट रस्त्याकडे गेलं. पाच दिवस गाड्या बाहेर ठेवायच्या आहेत, त्याप्रमाणे काल रात्री ठेवल्या. रात्री रस्त्यावर गाडी लावायला गावाची परवानगी लागते हे मात्र इथे कोणीच लिहिलं नव्हतं. सकाळी दोन्ही गाड्यांच्या काचांवर दंडाची तिकिटं!