ओरिजिनल असताना रिमेक बघायचा कशाला? (किंवा उलट)

टिळकवाडीचा_पोरगा
मंडळी, एक विचारायचं होतं. माझा रूममेट गदगचा आहे, घरी कन्नड, पण चार वर्षं बेळगावात राहून आपली मराठी त्याला बऱ्यापैकी समजते. त्यानं 'धडक' ('सैराट'चा हिंदी रिमेक) बघितलाय आणि आता म्हणतो स्टोरी माहीतच आहे, 'सैराट' परत कशाला बघू. मला लई वाईट वाटलं खरं, पण त्याला पटेल असं नीट सांगताच येईना. शेवटी गोष्ट एकच ना? मग रिमेकनं काम भागतं की नाही? सांगा की कुणीतरी. (पुढे शेवटाबद्दल लिहिलंत तर चालेल, मी दोन्ही बघितलेत.)

खानापूरची_लेक
अरे गोष्ट एकच कुठाय! 'सैराट'मध्ये हिरो परश्याच्या घरात मासेमारी, हिरोईन आर्चीच्या घरात पाटीलकी, आणि ते जातीचं अंतर प्रत्येक सीनमध्ये आहे. वर्गात आर्चीचा भाऊ प्रिन्स सरांच्या कानाखाली मारतो ना, तिथंच त्या गावात कुणाचं चालतं ते सगळं कळतं, कुणी भाषण द्यायची गरजच नाही. 'धडक'मध्ये कथा उदयपूरला नेली, हवेल्या आल्या, तलाव आले, पण जात एकदोन वाक्यांत आटोपली. मग त्या पोरीच्या घरच्यांना एवढा राग कशाचा ते कळतच नाही, नुसतं श्रीमंत-गरीब वाटतं. आणि शेवट. 'सैराट'मध्ये ते बाळ रक्तात पाय भरून बाहेर चालत येतं आणि आवाज पूर्ण बंद होतो. 2016 ला आम्ही घरचे सगळे गेलेलो, माझी आई चप्पल पायात घालायची विसरून तशीच सीटवर बसून राहिली, दिवे लागले तरी. हिंदीत शेवट बदललाय, धक्का बसतो, पण तसं सुन्न होत नाही. दादा, त्याला दाखवच.

निपाणीकर
ताईंचं बरोबर आहे पण रिमेक म्हणजे वाईटच असं नको म्हणायला. 'दृश्यम' घ्या, घरच्यांना खुनाच्या चौकशीतनं वाचवायला 'आम्ही त्या दिवशी दुसऱ्या गावाला होतो' असा पुरावा रचणाऱ्या बापाची गोष्ट. मूळ मल्याळम 2013 चा, मोहनलाल. 2014 ला कन्नडमध्ये 'दृश्य' आला, रविचंद्रन, आणि हिरोचं नाव राजेंद्र पोनप्पा, म्हणजे ऐकताक्षणी कोडगूचा (कूर्गचा) माणूस डोळ्यासमोर येतो. हिंदीत 2015 ला आपल्या निशिकांत कामतांनी तेच गोव्यात आणलं, विजय साळगावकर, पणजीचा सत्संग, पावभाजी. आपल्याकडनं चोर्ला घाटातनं एसटीनं पणजीला जाणाऱ्या माणसाला ती तिकिटं, ती हॉटेलं, कंडक्टरला चेहरा लक्षात राहणं हे सगळं अगदी ओळखीचं, म्हणून मला तो परका वाटलाच नाही. आईनं तर आधी टीव्हीवर कन्नड बघितला, मग हिंदी, सस्पेन्स फुटलेला असून पण शेवटपर्यंत उठली नाही. जागा बदलली की माणसं पण तिथलीच करायला लागतात, ते यात केलंय.

आणि कामतांनी स्वतःचाच 'डोंबिवली फास्ट' (2005) तामिळमध्ये माधवनला घेऊन केला होता, 2007 ला.

शहापूर_पेठ
एक गोष्ट राहिली. आपल्या कर्नाटकात इतके रिमेक का व्हायचे, तर कन्नडमध्ये डबिंगच चालू देत नव्हते, कित्येक दशकं. कायदा नव्हता, इंडस्ट्रीचीच बंदी. मग दुसऱ्या भाषेतला सिनेमा कन्नडमध्ये बघायचा तर रिमेक हाच रस्ता. 2015 ला स्पर्धा आयोगानं त्या बंदीविरुद्ध निकाल दिला आणि हळूहळू डब पिक्चर यायला लागले. 'सैराट'चा कन्नड पण झाला की, 'मनसु मल्लिगे', 2017, त्यात पण हिरोईन रिंकू राजगुरूच, 'सैराट'मधली आर्ची! तुमच्या मित्राला तो पण सांगा. पण मी म्हणेन मराठीच दाखवा. आर्ची बुलेटवरनं येते, ट्रॅक्टर चालवते, आणि तोंडात ती करमाळ्याकडची रांगडी भाषा, ती काढली की आर्ची उरत नाही.

खानापूरची_लेक
रिंकूचं खरंय, पण माती दुसरी झाली की तीच पोरगी पण वेगळी वाटते मला. निपाणीकर, 'दृश्यम'चं मात्र मान्य.

टिळकवाडीचा_पोरगा
सगळ्यांना थँक्यू! कानाखालीचा तो सीन त्याला सांगितला तर म्हणाला हे 'धडक'मध्ये नव्हतं, आणि मग स्वतःच म्हणाला चल बघूया. शनिवारी रूमवर लावतोय. सबटायटल बंद ठेवणार, सोलापुरी अडली तर मी कन्नडमध्ये सांगेन. येताना कॅम्पातनं कुंदा आणतो.