मदत हवी आहे: लेड झेपलिनच्या 'फोर स्टिक्स'मध्ये सम कुठे धरायची?

नमस्कार मंडळी,

तबल्याची जाण असलेले आणि जुनं रॉक मनापासून ऐकणारे कोणी इथे असतील, तर मदत करा.

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा 1971 चा चौथा अल्बम म्हटलं की 'स्टेअरवे टू हेवन' आणि 'ब्लॅक डॉग' यांच्यापुढे गप्पा जात नाहीत. त्याच अल्बममधलं 'फोर स्टिक्स' मला आता त्या दोन्हींपेक्षा जास्त आवडतं. ड्रमर जॉन बोनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं, नावही त्यावरूनच पडलं. त्या चार काठ्यांची घरघर हेडफोन लावूनच ऐका, फोनच्या स्पीकरवर तिचा निम्मा जीव जातो.

तर अडचण अशी. गिटारवादक जिमी पेजचा मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, पाच मात्रांचा आहे. झपतालाचा अर्धा भाग, धी ना धी धी ना, तोंडाने म्हणत राहिलं की तो चपखल बसतो. पण मध्ये गाणं सहा मात्रांत शिरतं आणि तिथे माझी टाळी सुटते. बोनम कुठेही तिहाईसारखी (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) खूण देत नाही, सांधा कळायच्या आत पुढे गेलेला असतो. तिथे मात्रेची लय तीच राहून फक्त आवर्तन लांबतं का? आणि ड्रम्सवर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ओळखायला कान कुठे लावायचा, पायाच्या ठोक्यावर की गिटारच्या पहिल्या सुरावर?

1972 मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन हेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं होतं. 2015 मध्ये त्यांच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ते 'फोर हँड्स' म्हणून बाहेर आलं. तबलजींनी त्यात हा पाच-सहाचा खेळ कोणत्या अंगाने सांभाळलाय, हे कोणी ऐकून उलगडून सांगितलं तर फार उपकार होतील. माझा कान अजून तेवढा तयार नाही.

अशी मागे राहिलेली आणखी गाणीही सुचवा. 'द लेमन साँग'मधला जॉन पॉल जोन्सचा बास आणि नऊ मात्रांचं 'द क्रंज' ऐकून झालंय. मुद्दाम अवघड केलेलं संगीत नको. गाणं गाणंच राहावं आणि वादक त्यात दिसावेत. इतर बँडही चालतील, फक्त नेमकं काय ऐकायचं ते एका ओळीत लिहा.