सल्ला हवा: एसव्हीईची व्हेक्टर लांबी प्रोग्राममधून कशी बदलायची?

शिरोली_फाउंड्री: कास्टिंगच्या फोटोंमधून ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी) शोधायचा प्रोग्राम लिहितोय, आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या युनिटसाठी. भाड्याच्या ग्रॅव्हिटॉन ३ (अ‍ॅमेझॉनचा आर्म प्रोसेसर) सर्व्हरवर एसव्हीई, म्हणजे एका सूचनेत अनेक आकडे एकदम हाताळायची आर्मची सोय, २५६ बिटचं आहे. प्रोग्राममधला फोटोचा फिल्टर १२८ बिटवर कसा पळतो ते बघायचंय. पीआरसीटीएल कॉलला (यातून लिनक्सकडे लांबी मागतात) आधी १२८ दिलं, मग २५६. एरर नाही, पण वेळेत काडीचा फरक नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) ऐकत नाही का? की घरी रास्पबेरी पाय ५ (छोटा कॉम्प्युटर) घेऊन बघू?

रंकाळा_चक्कर: कर्नल ऐकतोय भावा, पण तो आकडा बाइटमध्ये धरतो. १२८ बाइट म्हणजे १०२४ बिट, २५६ बाइट म्हणजे २०४८. एवढी रुंदी तुझ्या प्रोसेसरात नाही. अशा वेळी कर्नल नकार देत नाही, मागितलेल्याच्या आत बसणारी सगळ्यात मोठी लांबी देऊन मोकळा होतो. म्हणजे दोन्ही वेळा २५६ बिटच मिळाले. १६ (म्हणजे १२८ बिट) दे, आणि कॉलने परत दिलेला आकडा छापून बघ. त्याच्या खालच्या १६ बिटांत खरी लांबी असते. पाय ५ च्या नादी लागू नको, त्यातल्या कॉर्टेक्स ए७६ प्रोसेसरला एसव्हीईच नाही.

जुना_कर्नलवाला: १६ द्याच, पण चालू प्रोग्रामच्या मधोमध नको. कंपायलर लांबी शेवटपर्यंत तीच राहणार असं धरून चालतो आणि त्याच हिशोबाने स्टॅकवर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीत) रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आकड्यांच्या जागा, ठेवतो. लांबी बदलली की झेड (व्हेक्टर ठेवायच्या) रजिस्टरांचे खालचे १२८ बिट सोडून वरच्या भागाचा भरवसा नाही, प्रेडिकेट (व्हेक्टरातल्या कोणत्या जागांवर काम करायचं ते ठरवणाऱ्या) रजिस्टरांचाही नाही. त्यापेक्षा दहा-बारा ओळींचा लाँचर लिहा: १६ सोबत 'ऑनएक्झेक' फ्लॅग (बदल पुढच्या एक्झेकला कर असं सांगणारा) द्यायचा आणि लगेच फिल्टर एक्झेक करायचा, म्हणजे लाँचरच्या जागी तो सुरू करायचा. लाँचरला धक्का नाही, नवा प्रोग्राम पहिल्यापासून १२८ बिटवर. मध्ये शेल स्क्रिप्ट असेल तर 'इनहेरिट' फ्लॅगही हवा, नाहीतर स्क्रिप्टपर्यंत लांबी पोचते आणि पुढच्या एक्झेकला परत डीफॉल्टवर येते.

शिरोली_फाउंड्री: डीफॉल्टच १६ करून टाकलं तर? सर्व्हरवर दुसरं कुणी नाही.

जुना_कर्नलवाला: चालेल. /प्रॉक/सिस/एबीआय खाली एसव्हीईच्या डीफॉल्ट लांबीची फाइल आहे, रूट होऊन १६ लिहा. पुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रामना लागू होईल. हार्डवेअर कितीही रुंद असो, कर्नल सुरुवातीला तिथे ६४ बाइटच्या वर जात नाही. सिग्नल (प्रोग्रामला मध्येच थांबवणारी सूचना) आला की रजिस्टर स्टॅकवर उतरतात, आणि २०४८ बिटला नुसत्या ३२ झेड रजिस्टरांनाच ८१९२ बाइट लागतील. सिग्नलसाठी मोजका स्टॅक ठेवलेले जुने प्रोग्राम तिथेच आडवे होतील. लिनक्स ४.१५ पासून, म्हणजे २०१८ पासून हे असंच आहे.

राजारामपुरी_९वी_गल्ली: माझं स्पष्ट मत, मोजून झालं की ही भानगड काढून टाका. लांबी गृहीत न धरता कोड लिहिता यावा म्हणूनच एसव्हीई आहे. लूपमध्ये लांबी प्रोसेसरलाच विचारा, म्हणजे तोच बायनरी १२८ बिटच्या ग्रॅव्हिटॉन ४ वरही चालेल.

शिरोली_फाउंड्री: लाँचर लिहिला, आता आकडा १६ येतोय. वेळ लहान फोटोला वाढतो, मोठ्याला जवळपास तेवढाच. असं का?

रंकाळा_चक्कर: मोठा फोटो कॅशेत (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावत नसणार. तिथे मेमरीची वाट बघण्यातच वेळ जातो, मग व्हेक्टर रुंद असून उपयोग काय? फोटोचे तुकडे करून फिल्टर चालव आणि परत मोज. ५१२ बिटवर उत्तर बरोबर येतं का एवढंच बघायचं असेल तर क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) वापर, फक्त त्यातले वेळेचे आकडे कुणाला दाखवू नको.