एनएफएसवर दुसऱ्या मशीनने टाकलेली फाइल वॉचरला कळतच नाही

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. एका लिनक्स सर्व्हरवरचं फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारी पद्धत) दोन मशीनवर माउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं आहे. पहिलं मशीन त्यात स्कॅन केलेली पानं टाकतं. दुसऱ्यावर माझी पायथन स्क्रिप्ट वॉचडॉग लायब्ररी वापरून त्याच फोल्डरवर नजर ठेवते. नवं पान आलं की ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं) चालवायचा, एवढंच काम.

स्क्रिप्टच्याच मशीनवरून फाइल टाकली की ती लगेच जागी होते. पहिल्या मशीनवरून आली तर काहीच घडत नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, आणि टर्मिनलवर यादी काढली तर फाइल समोर दिसते! परवानग्या पाहिल्या, वॉचची मर्यादा वाढवून पाहिली, फरक नाही. माउंटचा एखादा पर्याय राहतोय का? दर काही सेकंदांनी सगळं फोल्डर चाळणं शक्य तो नको, आत उपफोल्डर बरेच आहेत.

कर्नलकाठ

माउंटच्या पर्यायांमध्ये याचं उत्तर नाही. लिनक्सवर वॉचडॉग ज्याच्या भरवशावर चालतं ते आयनोटिफाय फक्त आपल्याच मशीनच्या कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) झालेल्या कामाची खबर देतं. ते २००५ मध्ये २.६.१३ कर्नलसोबत आलं, आणि त्याच्या मॅन पेजवर (अधिकृत माहितीपानावर) स्वच्छ लिहिलंय की नेटवर्क फाइल सिस्टिमवर इतरांनी केलेले बदल त्याला कळत नाहीत, तिथे प्रोग्रामने पोलिंग करावं, म्हणजे ठरावीक वेळाने स्वतः तपासावं.

पहिल्या मशीनने पान लिहिलं तेव्हा ते दोनच कर्नलना ठाऊक झालं, त्या मशीनच्या आणि सर्व्हरच्या. तुमच्या कर्नलला कुणी सांगितलंच नाही. एनएफएसची तिसरी आवृत्ती (१९९५, आरएफसी १८१३ हा तिचा मानक दस्तऐवज) तर कुठल्या क्लायंटने काय उघडलंय याची नोंदच ठेवत नाही, मग सर्व्हर कळवणार कुणाला? चौथ्या आवृत्तीत सर्व्हर क्लायंटला उलट हाक मारू शकतो, पण ती मुख्यतः दिलेलं डेलिगेशन (फाइल स्वतःच सांभाळायची तात्पुरती मुभा) परत मागायला. ४.१ च्या आरएफसीत, २०१० साली, डिरेक्टरीतले बदल कळवायची सोय लिहिली गेली. तिच्या भरवशावर आज काही उभारू नका.

मला यात सगळ्यात जास्त खटकते ती शांतता. एनएफएसवर वॉच लावला तरी तो बिनतक्रार लागतो. जीएनयूचं टेल (फाइलचा शेवटचा भाग दाखवणारी कमांड) बघा. चालू लॉगच्या मागे लावलं की तेही आयनोटिफाय वापरतं, पण आधी फाइल सिस्टिमचा प्रकार तपासतं, आणि ती दूरची निघाली तर मुकाट्याने दर सेकंदाला तपासण्यावर येतं. प्रत्येक वॉचर लायब्ररीने एवढी काळजी घ्यायलाच हवी.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर वॉचर तिकडे हलवा. एनएफएसमधून आलेलं लिखाण सर्व्हरच्याच कर्नलमधून डिस्कवर जातं, त्यामुळे तिथल्या आयनोटिफायला ते दिसतं. तिथून ओसीआरच्या मशीनला फक्त फाइलचा पाथ धाडायचा, थेट नेटवर्क सॉकेटने म्हणा किंवा रेडिससारख्या निरोप पोहोचवणाऱ्या सेवेने. मात्र त्या निरोपाला इशाराच माना. आयनोटिफायची रांग साधारण १६३८४ घटनांची असते. ती भरली की पुढच्या घटना गळतात आणि हाती फक्त ओव्हरफ्लोची सूचना येते. शिवाय सर्व्हर रीबूट होतो, नेटवर्क तुटतं. म्हणून अधूनमधून पूर्ण फोल्डरची एक फेरी हवीच, आणि काय झालं काय राहिलं याचा निवाडा त्या फेरीनेच करायचा.

सांबावाली

शेअर एनएफएसऐवजी एसएमबीने (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) देता येत असेल तर गोष्ट बरीच वेगळी आहे. तिथे बदल कळवणं प्रोटोकॉलमध्येच आहे. क्लायंट सर्व्हरला सांगून ठेवतो की या फोल्डरमध्ये काही हललं तर कळव. म्हणून विंडोजवर नेटवर्क ड्राइव्हवरचे बदलही वॉचरला कळतात. नेटवर्कवर वॉचरचा बफर (घटना साठवायची जागा) ६४ केबीपेक्षा मोठा घेता येत नाही, आणि तो भरून वाहिला की कुठली फाइल बदलली ते कळत नाही, सगळं पुन्हा वाचावं लागतं. सांबा, म्हणजे लिनक्सवरचा एसएमबी सर्व्हर, स्वतः आयनोटिफाय वापरतो, त्यामुळे थेट सर्व्हरवर झालेले बदलही पुढे जातात.

पण लिनक्सवर तोच शेअर माउंट करून वॉचडॉग लावलंत तर परत तीच शांतता. तिथे एसएमबीक्लायंट या सांबाच्या प्रोग्रामची नोटिफाय कमांड वापरा, ती प्रत्येक बदलाची एक ओळ छापत राहते.

पायरीपायरीने

पोलिंगला इतकं घाबरू नका. डिरेक्टरीची (फोल्डरची) एमटाइम, म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ, तिच्यात नाव वाढलं, गेलं किंवा बदललं तरच बदलते. तुम्हाला नवी पानंच हवी आहेत ना? मग प्रत्येक उपफोल्डरची एमटाइम बघा, जिची बदलली तेवढीच आतून वाचा. आतल्या फोल्डरचा बदल वरच्यावर उमटत नाही, म्हणून स्टॅट (ही माहिती विचारणं) मात्र सगळ्या डिरेक्टऱ्यांना करावं लागेल. तरी प्रत्येक फाइल चाळण्यापेक्षा ते खूप हलकं पडतं.

"मागच्या वेळेपेक्षा नवी" अशी तुलना अजिबात नको. आरसिंकने (फाइल कॉपी करायचा प्रोग्राम) वेळ जपून आणलेली फाइल जुनीच तारीख घेऊन येते आणि कायमची सुटते. मागचा आकडा साठवून "तोच आहे की वेगळा" एवढंच विचारा, आणि फाइलसाठी आकार, एमटाइम, सीटाइम (फाइलची नोंद बदलल्याची वेळ), आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) चारही घ्या. स्वतःच्या घड्याळाशी तुलना तर नकोच. सर्व्हरची वेळ हवी असेल तर शेअरवर एक रिकामी फाइल टच करून तिची एमटाइम वाचा.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. सर्व्हर हाताशी आहे, म्हणून वॉचर तिकडे हलवला आणि निरोप झटकन यायला लागले. आता दोन नव्या अडचणी. कधी निरोप येतो, पण स्क्रिप्ट फाइल उघडायला जाते तेव्हा "अशी फाइल नाही", आणि थोड्या वेळाने तीच फाइल उघडते. कधी फाइल उघडते, पण पान अर्धंच असतं. लिहून झाल्यावर फाइल बंद होते त्या घटनेवरच निरोप लावलाय. माउंट तिसऱ्या आवृत्तीचं आहे.

कर्नलकाठ

पहिली अडचण तुमच्या क्लायंटच्या कॅशची (लक्षात ठेवलेल्या उत्तरांची). "हे नाव इथे नाही" हे उत्तरही एनएफएस क्लायंट लक्षात ठेवतो. स्क्रिप्ट त्या नावाला आधी एकदा विचारून गेली असेल, तर डिरेक्टरीची माहिती शिळी ठरेपर्यंत तेच उत्तर पुन्हा मिळतं. लिनक्सवर डिरेक्टरीसाठी ही मुदत मुळात ३० ते ६० सेकंद असते. माउंट करताना लुकअपकॅश हा पर्याय पॉझिटिव्ह ठेवा. मग "नाही" हे उत्तर कॅशमधून येणार नाही, दर वेळी सर्व्हरला विचारलं जाईल. फाइलच्या गुणधर्मांची कॅश पूर्ण बंद करणारा नोएसी पर्याय इथे नको, त्याने प्रत्येक छोटं काम रांगेत अडकतं आणि सर्व्हरवर फुकट भार पडतो.

दुसरीचं मूळ प्रोटोकॉलमध्ये आहे. तिसऱ्या आवृत्तीत फाइल उघडणं आणि बंद करणं या क्रियाच नाहीत, फक्त वाचणं आणि लिहिणं आहे. पहिल्या मशीनने फाइल बंद केली हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही. तुम्हाला दिसतं ते सर्व्हरच्या एनएफएस सेवेने स्वतःच्या सोयीने मिटलेलं हँडल (उघड्या फाइलचा दुवा), लिखाण अर्ध्यावर असतानाही ते मिटू शकतं.

म्हणून स्कॅन करणाऱ्या मशीनवर बदल करा. पान त्याच फोल्डरमध्ये बिंदूने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहा, डेटा एफसिंकने (लिहिलेलं लगेच पक्कं करणारी आज्ञा) सर्व्हरपर्यंत पोहोचवा, फाइल बंद करा आणि मग खऱ्या नावाने रीनेम करा. आरसिंक मुळात याच पद्धतीने चालतं. सर्व्हरवरचा रीनेम अखंड असतो, म्हणजे एकदम होतो किंवा होतच नाही, खरं नाव दिसलं म्हणजे पान पूर्ण आहे. वॉचर बंद होण्याच्या घटनेवरून काढून नाव आत सरकण्याच्या घटनेवर लावा, आणि तुमच्या पूर्ण फेरीलाही बिंदूवाली नावं वगळायला सांगा.