शेकाट्या अंडी सोडून पाण्यात का जातो

एकाने विचारलंय की शेकाट्याची (पाणथळीतला लांब पायांचा पक्षी) जोडी भर उन्हात अंडी उघडी टाकून सारखी पाण्यात जातेय, घरटं सोडलं असेल का. अहो नाही, उलट अंडी वाचवायचीच खटपट चाललीय ती! पाण्यात जाऊन पोट बुडवायचं, खालची पिसं चांगली भिजवायची आणि तसंच निथळत येऊन अंड्यांवर बसायचं, म्हणजे अंडीही गार आणि बसणाराही गार, ऊन कडक असलं की या फेऱ्या चालूच राहतात. नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात, अंडी बहुतेक वेळा ४ आणि साधारण २२ ते २६ दिवसांत पिल्लं बाहेर. पिल्लं अंगावर लव घेऊनच येतात, थोड्याच वेळात चालायला लागतात आणि स्वतःच टिपून खातात, आईबाप भरवत नाहीत, फक्त राखण करतात (आणि कोणी जवळ आलं की डोक्यावर घिरट्या घालत असला कलकलाट करतात की विचारू नका).

बाकी शेकाट्याच्या पायात उलटा वाकलेला जो गुडघा वाटतो तो खरं तर घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. नर-मादी ओळखायला डोक्यावरचा काळा रंग बघू नका, तो एकेका पक्ष्यात वेगळा असतो, सरळ पाठ बघा, नराची चकचकीत काळी, मादीची तपकिरी छटेची.