भरपाई ठरवण्याचा अधिकार प्रदूषण मंडळाला असावा का?

नदीकाठचा: काल येथे कोणीतरी लिहिले की, मंडळाने स्वतःच तपासायचे, स्वतःच दोषी ठरवायचे आणि स्वतःच पैसे घ्यायचे हा न्याय नव्हे, भरपाई फक्त न्यायालयाने ठरवावी. हे वाचून मला गप्प बसवेना. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली हीच भूमिका घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२५ रोजी लोधी प्रॉपर्टीच्या खटल्यात ती फिरवली आणि जल कायद्याच्या कलम ३३-अ व वायू कायद्याच्या कलम ३१-अ खाली मंडळे भरपाई आकारू शकतात, खबरदारी म्हणून बँक गॅरंटीही (अट मोडल्यास जप्त होणारी बँकेची हमी) मागू शकतात, असे स्पष्ट केले. सारे न्यायालयावर सोडले की काय होते, हे बिछडीने दाखवले आहे. उदयपूरजवळच्या त्या गावाच्या विहिरी एच-ॲसिड (रंगासाठी लागणारे एक रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांनी नासवल्या. जबाबदारी १९९६ साली ठरली, ३७.३८५ कोटींचा आकडा १९९७ साली ठरला, आणि त्याच रकमेसाठी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा, चक्रवाढ व्याजासह, आदेश द्यावा लागला.

लघुउद्योजक: ते मीच लिहिले होते आणि मी ते मागे घेत नाही. आपण निकालाचा उत्तरार्ध गाळला आहे: तत्त्वे, कार्यपद्धती आणि बाजू मांडण्याची संधी यांचे नियम केल्यावरच हा अधिकार वापरायचा आहे. आमच्या युनिटमध्ये काय झाले ते ऐका. अधिकारी आले, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) आउटलेटवर एक कॅन भरला आणि निघून गेले. नोटीस नाही, सील नाही, सही नाही. तीन महिन्यांनी सीओडी (पाण्यातील प्रदूषणाचे एक मोजमाप) जास्त आढळल्याचे कारण देऊन बँक गॅरंटी जप्त झाली, आणि आमचे म्हणणे त्यानंतर ऐकले गेले.

कायदेवाचक: असा नमुना जल कायद्याच्या कलम २१ मध्ये बसत नाही. तेथल्या तेथे नोटीस द्यावी लागते, आपण मागितल्यास नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, दोन्ही सीलबंद करून त्यांवर सह्या घ्याव्या लागतात. हे पाळले नाही तर तो अहवाल न्यायालयीन कार्यवाहीत पुरावा म्हणून चालत नाही. जेव्हीएसच्या, म्हणजे मंडळाने पाहणीत घेतलेल्या नमुन्याच्या अहवालावरून गॅरंटी जप्त करताना मात्र मंडळ न्यायालयात गेलेलेच नसते, आणि खरी फट तेथे आहे. आपण नमुन्याचे दोन भाग करायला सांगितले होते का?

लघुउद्योजक: नाही. तसे सांगता येते हे मला ठाऊक नव्हते, आणि समोरच्या अधिकाऱ्यानेही सांगितले नाही.

नदीकाठचा: सील आणि सह्यांवरच सगळे बोलत आहेत, ओढ्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या ओढ्यात फेस येतो तो पहाटे, कारण पाणी सोडले जाते रात्री, आणि नमुना घ्यायला माणूस येतो सकाळी अकराला. फाटकावर नोटीस देऊन आत जाईपर्यंत आउटलेट स्वच्छ झालेले असते. माझ्या वडिलांनी त्या ओढ्यालगतची विहीर बुजवली. त्यांना कोणत्या कलमाखाली कोणी विचारले?

लघुउद्योजक: रात्री पाणी सोडणाऱ्याचा राग माझ्यावर काढू नका. त्याला पकडण्यासाठी रात्री या, मीटर लावा, मी माझ्या खर्चाने लावून घेतो. त्याला पकडता येत नाही म्हणून दिवसा दार उघडे ठेवणाऱ्याची गॅरंटी जप्त करणे मला मान्य नाही.

कायदेवाचक: प्रत्येक नियमभंग म्हणजे भरपाई नव्हे, हेही लोधी प्रॉपर्टीच्या त्याच निकालात आहे, पर्यावरणाची हानी झालेली असावी किंवा तिचा धोका तरी दिसावा लागतो. फेसाळलेला ओढा ही हानी आहेच, पण ती कोणत्या युनिटमुळे झाली हे एका कॅनमधून सिद्ध होत नाही.

नदीकाठचा: नमुन्याचा दुसरा भाग न मागताही काढून तपासायला पाठवावा, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र त्या भागाचा अहवाल आल्यावर कोणी स्थगिती घेऊन दहा वर्षे काढणार असेल, तर माझा विरोध कायम आहे.

लघुउद्योजक: दुसऱ्या भागात सीओडी मर्यादेबाहेर निघाला असता, तर मी स्थगिती मागितली नसती. तो भाग काढलाच गेला नाही.