खडीऐवजी जुन्या बाटल्यांच्या काचेचे तुकडे बागेत अंथरायचे आहेत : जाडी, वजन, धार?

प्रश्न : अंगण_बाणेर
बंगल्यासमोर १२ फूट × ५ फूट पट्टा आहे. काळी माती, पश्चिमेचं ऊन, ठिबक आधीपासून आहे. झाडं अडेनियम, अगावे, एक देवचाफा आणि कोपऱ्यात मोगरा. पांढऱ्या गोट्यांऐवजी पुनर्वापराची काच टाकायचा विचार आहे. किती लागेल, खाली काय घालायचं, आणि घरात लहान मुलं आहेत तेव्हा ती कापते का? शेजारचा कडुनिंब भिंतीवरून आत झुकलेला आहे, हेही सांगून ठेवतो.

मुरूम_माती
आधी हिशोब. ६० चौरस फुटांवर २ इंच थर म्हणजे १० घनफूट. तुकडे केलेली काच घनफुटाला साधारण ४० किलो भरते, म्हणून ४०० किलो. दहा टक्के जास्त धरून २५ किलोच्या १८ गोण्या मागवा. माप १० ते २० मिमी. ६ मिमीच्या खालचा चुरा घेऊ नका, चपलेला चिकटून घरात येतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात वाहून जातो.

खरं काम काचेखालचं आहे. पट्टा ३ इंच खणा. लव्हाळा असेल तर गाठी वेचून काढा, पाणी द्या, दोन आठवडे थांबा आणि उगवेल ते पुन्हा गाठीसकट उपसा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, कापड भोसकून वर येतो आणि मग काच उचलल्याशिवाय हाताला लागत नाही. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ५ फुटांत इंचभर उतार द्या. त्यावर १ इंच क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), मग न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कापड, १५० ते २०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम). जोडावर ६ इंच एकावर एक, आणि दर दोन फुटांवर यू आकाराची तार ठोका. वर काच.

कापड टाळू नका. काळ्या मातीला उन्हाळ्यात बोटभर भेगा पडतात आणि काच त्यात उतरते. पुढे तिथं खुरपं घालायची हिंमत होत नाही. प्लॅस्टिकचा कागद मात्र नको. जुलैत पाणी वर तुंबतं, आणि अडेनियमची मान, म्हणजे मातीलगतचं खोड, कुजायला तेवढं पुरतं.

कडेला कडप्पा किंवा उभी वीट, काचेच्या पातळीपेक्षा इंचभर वर.

भट्टीवाला
धारेबद्दल. नुसती फोडलेली काच आणि ड्रममध्ये घोळवून धार बोथट केलेली काच या दोन वेगळ्या वस्तू. भंगारात मिळते ती पहिली. ती बागेसाठी नाही, मुलं असोत वा नसोत. नमुना मागवा, हातमोजे घालून मूठभर काच जुन्या सुती कापडात गुंडाळून जोरात चोळा. धागे ओढले गेले किंवा कापड फाटलं तर माल परत. घोळवलेल्या काचेतही एखादा अणकुचीदार तुकडा निघतोच, त्यामुळे मुलं अनवाणी खेळतात त्या जागी कुठलीच काच नको.

काच फक्त बाटल्या-बरण्यांची. आरशाच्या मागे रंगाचा लेप असतो, गाडीच्या पुढच्या काचेत प्लॅस्टिकचा पापुद्रा, ट्यूबलाइटमध्ये पारा. हे तिन्ही मिसळलेलं दिसलं की नको म्हणा. बाटल्या नीट धुतलेल्या नसतील तर सरबताच्या साखरेला मुंग्या लागतात. गोणीतून ओतताना काच ओली करून घ्या, गॉगल आणि मास्क लावा.

रंग? पारदर्शक काच पुण्याच्या धुळीत महिन्याभरात राखाडी दिसते. तपकिरी किंवा हिरवी घ्या. बोअरचं पाणी असेल तर ठिबकाजवळ पांढरे डाग धरतात, पाण्यात व्हिनेगर घालून घासले की जातात.

पाचट_प्रेमी
दोघांचं बरोबर, पण मोगरा यातून वगळा. काच बाष्पीभवन कमी करते, तण दाबते, पण कुजत नाही, त्यामुळे मातीला काहीच देत नाही. मोगऱ्याला वर्षातून दोनदा छाटणी आणि शेणखत लागतं, आणि काच व कापड बाजूला सारून खत घालणं कुणी दुसऱ्यांदा करत नाही. त्याच्याभोवती दीड-दोन फुटांचं आळं विटांनी वेगळं करा, त्यात ३ इंच पाचट किंवा वाळका पाला. पश्चिमेच्या उन्हात काच तापते, म्हणून बाकीच्या झाडांच्या खोडाभोवतीही ४ इंच जागा मोकळी ठेवा. ठिबकाची १६ मिमीची नळी कापडावर, काचेखाली चालेल, पण ड्रिपर (थेंब सोडणारी तोंडं) या मोकळ्या जागेत हवेत. काचेखाली बुजलेला ड्रिपर झाड सुकल्यावरच कळतो.

माझी खरी हरकत कडुनिंबाला आहे. चाफ्याचं पान हाताने उचलता येतं. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि त्या बारीक पानांचा काचेच्या फटींत भुगा होतो. त्यावर धूळ बसली की वरच्या वर माती तयार होते आणि पावसाळ्यात गाजर गवत कापडाच्या वर उगवतं. ते काही कापडाचा दोष नव्हे.

अंगण_बाणेर
कडुनिंबाची सावली पट्ट्याच्या डाव्या ४ फुटांवर येते. तेवढा भाग सोडला तर?

मुरूम_माती
सोडाच. मोगरा तिकडे असेल तर तोही त्यात बसेल, तिथं पाचट. मध्ये कडप्प्याची आडवी कड घाला. उरले ८ × ५ = ४० चौरस फूट, २७० किलो, म्हणजे १२ गोण्या. पानं काढायला दाते असलेला पंजा वापरू नका, कापड ओढलं जातं. ब्लोअर कमी वेगावर, पानं वाळलेली असताना.

भट्टीवाला
त्या १२ पैकी एक गोणी तशीच बाजूला ठेवा. पुढच्या खेपेला तोच रंग मिळत नाही.